सून घरीच असते

काल दिवसभरात तुम्ही किती तास अंगमेहनत केलीत? घाईने उत्तर देऊ नका. हा प्रश्न मी वसईच्या किनाऱ्यापासून खाडीपर्यंत दारोदार विचारत फिरले आहे, आणि ज्यांनी ज्यांनी तो ऐकताक्षणी उत्तर दिलं त्यांच्यापैकी बहुतेकांचं उत्तर चुकलेलं निघालं. खोटं म्हणत नाही, चुकलेलं म्हणते. या दोन शब्दांतलं अंतर कळायला मला एक अख्खा हंगाम लागला, आणि तोवर मी एका बाईच्या तोंडचं धान्य जवळजवळ घालवून बसले होते.

लढाई संपून काही वर्षं झाली होती. झेंडा बदलला होता, पण रेशनचं दुकान आणि त्याच्यासमोरची रांग तीच होती. कार्डावर मिळणारं धान्य सगळ्यांना सारखं. फक्त जे जड अंगमेहनत करतात त्यांना ज्यादा कूपन मिळे. कुणाचं काम जड आणि कुणाचं हलकं हे ठरवायला पुरवठा कचेरीने एक फॉर्म काढला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं वय, काम कोणतं, रोज किती तास, आणि काम जड की मध्यम की हलकं. खाली घरच्या कर्त्याची सही किंवा अंगठा. हे फॉर्म भरून घ्यायला शिकलेले स्वयंसेवक हवे होते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. घरात बसून लग्नाची वाट पाहणं मला मान्य नव्हतं. मी नाव दिलं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. सत्याग्रहाच्या दिवसांत वडील पत्रकं केळीच्या घडांखाली घालून गाडीतून गावोगाव पोचवत. उरलेली घरी पडून असत, आणि माझी अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. 'कमळ' लिहिता येण्याआधी मला 'जुलूम' लिहिता येत होता. त्यामुळे फॉर्मचा गठ्ठा हातात आला तेव्हा मी मनाशी एक नियम पक्का केला. कष्टकऱ्याचा शब्द अखेरचा. तो सांगेल तेच लिहायचं, त्यात आपली अक्कल मिसळायची नाही. सरकारने आजवर यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारतंय, तर निदान उत्तर तरी जसंच्या तसं वर पोचावं.

सुरुवात घरापासून केली. आमची वाडी पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. केळी, पानवेली, मधे विहीर आणि तिच्यावर बैलांचा रहाट. काका रहाटाच्या दांडीवर बसून बैल हाकीत.

"लिही," काका म्हणाले. "जड. रोज दहा तास."

"काकू?"

"तिचं काय, घरकाम. हलकं."

काकू त्या वेळी गुडघाभर चिखलात उभी होती. पाटाचं पाणी एका वाफ्यातून तोडून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं, दिवसभर कुदळ हातात. तिने वर पाहिलं आणि पुन्हा कुदळ मारली. मी लिहिलं. नियम म्हणजे नियम.

तिथून मी पूर्वेला गेले. रेल्वेचे रूळ ओलांडले की वाड्या संपतात आणि खाडीकडची भातशेती, मग मिठागरं लागतात. जूचंद्रच्या अलीकडे एका लहान गावात माझं काम होतं. पहिल्याच घरी ओटीवर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. उभा जन्म मिठागरात गेलेला, आता गुडघे कामातून गेलेले.

"ये बाय, बस. कोनाची गो तू?"

मी वाडीचं नाव सांगितलं. वडिलांना तो ओळखत होता. चहा आला.

"मुलगा काय करतो?" मी विचारलं.

"मिठागरात हाय. जड लिव. सकाळी जातो तो दिवस बुडताना येतो. बारा तास."

"तुम्ही?"

"माझं हलकं लिव. जाळं विनतो आनि डुलक्या घेतो. खोटं कशाला बोलू?"

"आणि सून?"

म्हाताऱ्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "सून घरीच असते."

सून आतल्या दारात उभी होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. गळ्याची हाडं वर आलेली, कडेवर पाचेक महिन्यांची मुलगी. मुलगी चिंधीचं टोक चोखत होती आणि ती चिंधी पेजेत बुडवलेली होती. मला वाटलं, बाईला तिच्याच तोंडून बोलू द्यावं.

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही काय काम करता?"

तिने सासऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. "मी घरीच."

"घरचं काम किती तास होतं?"

"घरी म्हंजे घरी. त्याला तास कुठले?"

म्हातारा हसला. "ऐकलंस? चूल काय घड्याळ लावून फुकतात?"

मी लिहिलं: घरकाम, हलकं. म्हाताऱ्याने शाईत अंगठा बुडवून उमटवला. त्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरी हेच झालं. मुलगा जड, सून घरीच. मी समाधानाने गठ्ठा बांधला. एकही उत्तर मी बदललं नव्हतं.

आठवड्याने मला त्याच बाजूच्या एका पाड्यावर जायचं होतं. मी मिठागराच्या बांधावरून आडवाट धरली.

ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भरतीला बांधातलं लाकडी दार वर करून समुद्राचं पाणी आत घेतात. ते या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवतात. शेवटच्या वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून टणक केलेली असते. तिच्यावर मीठ बसलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून काठाला ढीग लावायचे. मग ते ढीग टोपल्यांत भरून, डोक्यावरून, दूरच्या मोठ्या राशीवर नेऊन ओतायचे. फळी ओढायची पुरुषांनी. टोपल्या वाहायच्या बायकांनी.

बांधावरून बायकांची रांग चालली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. ओल्या मिठाचं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं आणि पुसायला एकीचाही हात मोकळा नव्हता. रांगेत पाचवी ती होती. मला पाहून ती थांबली नाही. डोक्यावर टोपली घेऊन थांबता येत नाही. फक्त मान दुसरीकडे वळवून गेली.

मी तिथेच गठ्ठा सोडला आणि फॉर्म चाळले. पुढच्या बाईचं घर ओळखलं: घरीच. तिच्या मागचीचं: घरीच. अख्खी रांगच्या रांग माझ्या कागदांवर चुलीपाशी बसलेली होती.

आता जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. मी तशीच उलट पावली म्हाताऱ्याच्या ओटीवर गेले आणि उभ्याउभ्या भाषण केलं. श्रमाची चोरी, बाईच्या घामाची किंमत, सगळं. आळीतली चार माणसं जमली. शेवटी मी म्हणाले, "तुमची सून मीठ वाहते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही तिचं ज्यादा धान्य बुडवताय. फॉर्म बदला."

म्हाताऱ्याने जाळ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "बाय, तुझ्या बापाला मी मानतो. म्हनून बोलत नाय. तू आता जा."

"पण खरं काय ते..."

"माझ्या घरची सून घरी असते. जा तू."

त्या दिवशी त्या आळीत मला पाण्याचा पेला कुणी दिला नाही. पलीकडच्या घरचा माणूस तर मला पाहून आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले. मिठागराच्या पट्ट्यात पाणी खारं, म्हणून गोड्या पाण्याची विहीर रुळांपलीकडे, चांगली लांब. ती तिथे भेटेल हे मला ठाऊक होतं. ती दोन हंडे भरून उभी होती. मी 'वहिनी' म्हणताच तिने हंडे खाली ठेवले.

"तुला कोनी सांगितलं होतं गो माझ्या घरी येऊन वरडायला?"

"मी तुमच्याच बाजूने बोलत होते."

"माझी बाजू तू माझ्या सासऱ्याच्या तोंडावर मारलीस. काल दुपारपास्नं त्यांनी जेवन घेतलं नाय."

मग तिने मला सांगितलं, आणि हे मला कुठल्याही पत्रकात सापडलं नसतं. त्या गावांत लग्न ठरताना मुलाचा बाप मुलीच्या बापाला एक शब्द देतो. चारचौघांत, सुपारी फुटण्याआधी. 'तुमची पोर मिठात उतरनार नाय.' हा शब्द सगळेच देतात. लग्नानंतर पहिला हंगाम सून घरी राहते. दुसऱ्या हंगामात हात कमी पडतात आणि ती बांधावर जाते. सगळे पाहतात, कुणी बोलत नाही. ती घरीच असते असं सगळ्यांनी म्हणायचं, म्हणजे दिलेला शब्द अजून राहिलेला असतो.

"आनि ज्यादा धान्याची तुमची यादी कुठं लागनार?" तिने विचारलं.

"रेशनच्या दुकानाच्या भिंतीवर."

"त्याच दुकानावर माझ्या बापाचं गाव येतं. जड कामात माझं नाव लागलं की सासऱ्यांनी शब्द मोडला हे भिंतीवर लागलं. त्यावर ते अंगठा कसा देतील?"

मी म्हणाले, "मग राहू दे का तसंच?"

ती विहिरीच्या काठावर टेकली. एवढा वेळ तिच्या आवाजात राग होता, तो गेला. "माझं दूध आटत चाललंय," ती म्हणाली. "पोरगी पेजेवर हाय, पन पेजेला तांदूळ पायजे. मिळालं ज्यादा धान्य तर मला नको हाय का? पन म्हाताऱ्याला खाली बघायला लावून नको."

गठ्ठा शनिवारी कचेरीत द्यायचा होता. मी त्याआधीच तिथे जाऊन अव्वल कारकुनांसमोर उभी राहिले. मी कुणालाच साहेब म्हणत नसे, म्हणून त्यांना नुसतं भाऊ म्हणायची. सुपारी कातरत बोलणारा, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस. मी सांगितलं की एका अख्ख्या गावाचे फॉर्म चुकलेत.

"चुकणारच," ते म्हणाले. "माणसं खोटं बोलतात. ज्याला धान्य हवं तो वाढवून सांगतो."

"इथे उलट झालंय. धान्य हवं असून कमी सांगितलंय."

त्यांची अडकित्ता धरलेली बोटं थांबली. "तुमच्या स्वतःच्या घरचा फॉर्म काढा."

मी काढला. त्यात माझ्या नावापुढे मी लिहिलं होतं: पाहणी व लोकशिक्षण, रोज दहा तास, जड.

"आता काल काय केलंत ते सांगा. उठल्यापासून. काही गाळू नका."

मी सांगू लागले. उठले, चहा घेतला, वर्तमानपत्र वाचलं. स्टेशनपर्यंत चालत, तिथून बैलगाडीत. पाच घरी ओटीवर बसले, तीन घरी चहा झाला. एकीने पोहे दिले. येताना चालत. घरी येऊन लेख लिहीत बसले. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला. चालणं काढलं तर माझा दिवस बसण्यात गेला होता, आणि चालणं सगळं मिळून दोन तासांवर जात नव्हतं.

"खोटं लिहिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला तसंच वाटत होतं."

"मग माणसांना काय वाटतं ते विचारून काय उपयोग? मीही पहिल्यांदा माझ्या फॉर्मवर जड लिहिलं होतं. बायको हसली, म्हणून खोडलं." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "कर्त्याचा नवा अंगठा असल्याशिवाय उत्तर बदलता येत नाही. पण गठ्ठा मी या शनिवारच्या ऐवजी पुढच्या शनिवारी पाठवीन. याहून जास्त माझ्या हातात नाही."

मी परत विहिरीवर गेले आणि तिला म्हणाले, मला तुमचा एक दिवस पाहायचा आहे.

"बघ की. पन कागद आनू नको."

मी कागद नेला नाही. प्रत्येक खेपेला पदराच्या टोकाला एक गाठ मारीन असं ठरवून पहाटे तिच्या दारात गेले. विहिरीच्या तीन खेपा झाल्या तेव्हाही सूर्य वर यायचा होता. मग दळण. मग भाकऱ्या, मुलीला पाजणं, नवऱ्याची भाकर बांधून बांधावर. मुलीला बांधाच्या सावलीत झोळीत टाकून टोपल्या सुरू. मी एक टोपली उचलून पाहिली. कंबरेपर्यंत आली. तिथून वर दोघींनी मिळून चढवून दिली. मी तिच्यामागून राशीपर्यंत गेले आणि बांधावरच बसले. मागच्या बायका हसत हसत मला ओलांडून गेल्या.

"वाडीवाली बाय बसली गो. भाषन नाय करत आज?"

"दम खाते ती. मंग करील."

दुपारपर्यंत माझ्या पदराला जागा उरली नाही. संध्याकाळी सरपण, पुन्हा विहीर, चूल. मधे एकदा मी तिला विचारलं, "आज किती काम झालं?"

तिने थोडा विचार केला. "आज कमीच. काल वारा होता, काल जास्त झालं."

तिला खरोखर तसं वाटत होतं. आधीच्या दिवसाशी ताडून ती आजचा मोजत होती. तास तिने आयुष्यात कधी मोजले नव्हते.

सोमवारी दुपारी मी म्हाताऱ्याच्या ओटीशी गेले. वर चढले नाही. खालीच पायरीवर बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले. चारचौघांत बोलायला नको होतं."

त्याने जाळं बाजूला केलं नाही, पण मला जा असंही म्हणाला नाही. एक गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "गूळ-पानी घे."

फॉर्म पिशवीतच होते. मी त्यांचा विषय काढला नाही. मी विचारलं, "तुम्ही मिठागरात होता तेव्हाचा एक दिवस सांगा ना. उठल्यापासून."

म्हातारा खुलला. पाणी कधी घ्यायचं ते वाऱ्यावरून कसं ठरवायचं, वाफा तुडवताना टाच कशी टेकवायची, एका वर्षी अवेळी पाऊस येऊन मीठ कसं वाहून गेलं. तो दिवस सांगत दुपारच्या भाकरीपर्यंत आला.

"भाकर कोण आणायचं?"

"कोन आननार? ती." आणि त्याने भिंतीकडे हात केला. तिथे काही नव्हतं. त्याची बायको दोन वर्षांमागे गेली होती. "कोंबडा आरवायच्या आधी उठायची. पानी आनायची. तवा ही विहीर नव्हती, अजून पलीकडं जायाला लागायचं. मंग दळन. मंग भाकर घेऊन बांधावर. मी भाकर खायाचो तवर ती टोपली उचलायची. मी म्हनायचो, बस जरा. ती म्हनायची, बसले की पाय उठत नाय."

"दिवसाला किती टोपल्या?"

"ते कोन मोजतो? रास संपेपर्यंत. पाय असे फुटलेले, मिठाच्या पान्यानं. संध्याकाळी तेल लावून शेकायची. पुन्हा पानी. तीन खेपा तरी."

"दोन," आतून आवाज आला. सून दाराआड होती. "आय संध्याकाळी दोनच खेपा आनायच्या, बाबा. तिसरी मी आनायची."

म्हातारा दाराकडे पाहत राहिला. सून त्याच्यासमोर बाहेरच्या माणसादेखत बोलली होती, याचा त्याला राग आला की काय असं मला वाटलं. तो रागावला नव्हता. तो मोजत होता. तिसरी खेप कुणाची, सकाळच्या खेपा कुणाच्या, आणि आता त्या दोघींच्या मिळून सगळ्या खेपा कुणाच्या.

"माझ्या बापानं पन तिच्या बापाला शब्द दिलेला," तो म्हणाला. "मिठात उतरनार नाय म्हनून. जन्मभर ती मिठात होती. आनि कोनी विचारलं का मी सांगायचो, घरीच असते." त्याने जाळं खाली ठेवलं. "मेल्यावर पन तेच सांगत व्हतो बघ. आता तू उठल्यापासून विचारलंस म्हनून निघालं तोंडातून."

मुलगी झोळीत कुरकुरली, तशी सून आत गेली.

"कागद आनलायस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आणलाय. पण घाई नाही. शनिवारपर्यंत वेळ आहे."

"शनिवार पुरे. यादी भिंतीवर लागायच्या आधी व्याह्याला माझ्या तोंडानं सांगायला पायजे. दुसऱ्या कोनाच्या नको."

मंगळवारी तो बैलगाडीने व्याह्याच्या गावी गेला. गुडघ्यांनी चार पावलं टाकता येत नसताना. काय झालं ते त्याने संध्याकाळी मला स्वतः सांगितलं. सांगताना इतका हसत होता की मधे मधे थांबावं लागत होतं. त्याने व्याह्याच्या ओटीवर बसून, पागोटं काढून मांडीवर ठेवून सांगितलं, की मी शब्द मोडला, तुमची पोर मिठात जाते, आता सरकारी कागदावर तसं लिहून देतोय. व्याह्याने आत हाक मारली, "पानी आन गो." पाणी आणायला कुणी आलं नाही.

"सून कुठं हाय तुमची?" म्हाताऱ्याने विचारलं.

"घरीच असते," व्याही म्हणाला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तीही बांधावर होती. व्याह्यानेही फॉर्मवर घरीच लिहून दिलं होतं. "मला म्हनाला, त्या वाडीवाल्या बायला माझ्याकडं पन धाड," म्हातारा म्हणाला. मग हसणं थांबवून त्याने अंगठा पुढे केला. "लिव. सून मीठ वाहते. जड. तास तुझं तू बघ, तू गाठी मारल्यास म्हनं."

आत सून चुलीशी होती. मी फॉर्म तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पान्याच्या खेपा पन लिव." मी लिहिल्या.

शनिवारच्या आत त्या आळीतली बरीच घरं झाली. सगळी नाही. दार लोटून घेणाऱ्याने ते शेवटपर्यंत उघडलं नाही, आणि त्याची सून आजही कागदावर घरीच बसलेली आहे. पण व्याह्याच्या गावी तर बायकांनी मला बांधावरच गाठलं. मी आता 'किती तास' विचारत नव्हते. 'काल उठल्यापासून सांगा' म्हणत होते. एक सांगू लागली की दुसरी तिला दुरुस्त करी. वाढवून सांगणाऱ्याही होत्या. त्यांना शेजारणीच खाली आणत.

"सहा खेपा? काल तू ताप आला म्हनून निजलेलीस."

"परवाच्या सांगते मी."

"मंग परवाच्या सांग. कालच्या नको."

गठ्ठा घेऊन कचेरीत गेले तर अव्वल कारकून म्हणाले, मी स्वतः एकदा पाहीन. ते आले. छत्री उघडून, खिशातलं घड्याळ काढून बांधावर उभे राहिले. तासाभराने त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, एका टोपलीच्या कडा धरून ती उचलली, गुडघ्याशी आणली आणि खाली ठेवली. मग त्यांनी गठ्ठ्यावरच्या कागदावर शेरा लिहिला. परत जाताना फक्त म्हणाले, "पुढच्या फॉर्मवर प्रश्न बदलून द्यावा असं वर लिहितो. ऐकतील की नाही सांगता येत नाही."

यादी भिंतीवर लागली त्या दिवशी म्हातारा गाडीतून दुकानाशी आला होता. त्याला वाचता येत नाही. त्याने मला सुनेच्या नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि मग तिथे स्वतःचं बोट ठेवून रांगेतल्या माणसांना दाखवलं. पुढच्या आठवड्यात तिने ज्यादा कूपनावर तांदूळ नेला. मी नंतर गेले तेव्हा मुलीच्या तोंडात चिंधी नव्हती. ती आईच्या पदराखाली होती, आणि आई मला म्हणाली, "बस बाहेर. हिचं झालं की येते."

माझ्या काकांनीही फॉर्म बदलला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बदलला नाही. मात्र काकूने मला एका दुपारी वाडीत बोलावून घेतलं आणि तिचा कालचा दिवस, उठल्यापासून, पुरा सांगितला. काका रहाटाच्या दांडीवर बसून ऐकत होते. त्यांनी बैल थांबवले नाहीत, पण मधे बोललेही नाहीत. आमच्या घरात हेही पहिल्यांदाच घडलं.

मी अजूनही कष्टकऱ्याचा शब्द अखेरचा मानते. पण शब्द कुठे बसून विचारला, कुणाच्या समोर विचारला आणि कशाबद्दल विचारला, त्यावर तो बदलतो. ओटीवर विचारला तर अब्रू उत्तर देते. माझ्यासारख्यांना विचारला तर स्वतःबद्दलचं कौतुक उत्तर देतं. यात लबाडी कुणाचीच नसते, पण धान्य मात्र खरोखर जातं.

या हंगामात पुन्हा फॉर्म भरून घेणार आहेत असं कचेरीत ऐकलं. तेव्हा वाचकहो, हे एवढं करा. कागद घेऊन कुणी तुमच्या दारी आलं तर त्याला ओटीवर बसवून चहा पाजू नका. घरातली बाई जिथे काम करत असेल तिथे त्याला न्या, विहिरीवर, बांधावर, वाडीत, खळ्यावर. 'काल उठल्यापासून काय केलंस' एवढंच तिला विचारायला सांगा आणि ती बोलत असताना तुम्ही चार पावलं लांब उभे राहा. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवा. ती 'बरोबर आहे' म्हणेपर्यंत शाईला अंगठा लावू नका.